बारीक शाफ्ट, जाडा रॉड आणि पास्कू

बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी मरते. किस्से मात्र संपादक कापतो, म्हणून ते आमच्याकडेच साठत जातात. तीस वर्षांच्या बातमीदारीत माझ्याकडे जमलेले निम्मे किस्से मसुरे रस्त्यावरच्या पास्कू मिस्त्रीच्या लेथवरचे आहेत.

मोटारीचा शाफ्ट बारीक, तिने फिरवायचा रॉड जाडा. दोघांना जोडणारा लोखंडी तुकडा, म्हणजे कपलिंग, पास्कू लेथवर कातून देतो. त्याचा मुलगा मिंगेल गोव्यात. "पपा, लेथ विक नि हंय ये. आता सगळा ऑनलाइन मिळता," हा त्याचा दर रविवारचा फोन. "सगळं ऑनलाइन मिळतं" या वाक्यावरून मी आजवर चौघांशी भांडलोय.

*

तारकर्लीच्या एका लॉजवाल्याने खरंच ऑनलाइन कपलिंग मागवलं. चकचकीत, पण दोन्हीकडची भोकं सारखीच. ते घेऊन तो पास्कूकडे आला. पास्कूने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"एक पैलवान, एक उपाशी. नि दोघांका शर्ट एकाच मापाचे?"

*

आमच्याकडे जाडी अजून सुतात मोजतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मसुऱ्याच्या सुनीताताईंचं कोकमाचा रस ढवळायचं यंत्र अडलं, तेव्हा पास्कू फोनवर म्हणाला, "रॉड किती सूत आसा, ता माका कळव."

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरकडून पाकीट आलं. आत शिवणाचा दोरा, रॉडला एक वेढा घेऊन कापलेला. सोबत चिठ्ठी: "एवढं सूत लागलं."

मी पोट धरून हसलो. पास्कूने दोरा पट्टीवर ताणला, त्या घेराला ३.१४ने भागून जाडी काढली आणि कपलिंग केलं. बसलं की!

*

एक तरुण इंजिनिअर पंपाचं काम घेऊन आला. मापात किती फरक चालेल, हे त्याने इंजिनिअरच्या भाषेत विचारलं. "मिस्त्री, तुमचा टॉलरन्स किती?"

"सासू घरात आसा. भरपूर."

*

माझाही नंबर लागला. विहिरीच्या पंपाच्या मोटारीचा शाफ्ट मी शहाणपणाने रॉडला थेट वेल्डिंग करून घेतला. केंद्राला केंद्र जुळलं नाही. बटण दाबताच मोटार थडथडत अंगणभर चालू लागली. पास्कू बघायला आला.

"बातमीपण अशीच जोडतस काय रे?"

आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

*

गेल्या मे महिन्यात पास्कूच्या लेथचीच मोटार जळली. नवीचा शाफ्ट बारीक, लेथ फिरवणारा रॉड जाडा. कपलिंग हवं, आणि ते कातायला लेथ हवा. मिंगेल त्याला न्यायला गाडी घेऊनच आला.

"पपा, आता तरी सोड."

पास्कूने लेथच्या मोठ्या चाकावर हात ठेवला. बातमी ऐकून मी, सुनीताताई आणि तारकर्लीचा लॉजवाला तिथे जमलो होतो. शेवटी सुनीताताई म्हणाल्या, "चाक हातान फिरवला तर?"

त्या, मी आणि लॉजवाला आळीपाळीने चाकाला लागलो. तुकडा एकदा लेथच्या पकडीत धरला की दोन्ही भोकं झाल्याशिवाय सोडायचा नाही, नाहीतर केंद्र सरकतं. बारीक भोक होईतो आमचे खांदे गेले. जाडं भोक अजून बाकी होतं.

गाडीला टेकून बघत उभ्या असलेल्या मिंगेलने घड्याळ काढून खिशात टाकलं, मला बाजूला सारलं आणि चाक धरलं.

थोड्या वेळाने तो धापा टाकत म्हणाला, "पपा, लवकर आवर. काळोख पडायच्या आधी निघाक व्हया."

पास्कूने कामावरची नजर काढली नाही.

"सावकाश फिरव रे. जावचा तुका आसा. माका खंय जावचा?"