नुसतं कूट

कँटीनमधली बाई माझं कार्ड रोज नव्याने वाचते: शेंगदाण्याने या माणसाचा श्वास बंद पडू शकतो. मग ती हातमोजे बदलते, सुरी धुते आणि माझा पाव कापते. या परक्या शहरात तिला माझं नावही माहीत नाही.

रविवारी इथल्या मराठी मंडळात एका काकूंनी काकडीची कोशिंबीर वाढली. मी विचारलं, "दाणे नाहीत ना?"

"नाहीत रे, नुसतं कूट आहे. आणि आपल्या माणसांत कसली आलीय ॲलर्जी?"

मी वाटी सरकवली, तर त्यांचा चेहरा उतरला. आपल्याकडे आग्रहालाच माया म्हणतात, आणि नको म्हणणाऱ्याला माजलेला. जीव माझा जाणार, वाईट मात्र त्यांना वाटणार.

बाई पाव पुढे करते. हसत नाही. मी तो निर्धास्त खातो.