सोवळ्यातले उंदीर

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून मी हेब्बाळला आले. नातू आता घरभर पळतो, तरी मी इथेच आहे. जावई सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीला जातात, लेक तिच्या प्रयोगशाळेत. मग दार लावून आम्ही दोघं. शेजारच्या अक्का लिफ्टमध्ये कानडीत काही विचारतात. मला 'सरी' एवढंच येतं, बरं म्हणायला. तेही नको तिथे म्हणून बसते, म्हणून खाली उतरणंच सोडलं.

अंगातली रोगाशी लढणारी शक्ती कधीकधी आपल्याच अंगावर का उलटते, हे लेक उंदरांवर शोधते. मिरजेहून ह्यांचा फोन आला की आधी चौकशी, "उंदरांच्या डॉक्टरीणबाई आल्या का?" मग हळूच सांगतात, भाकरी जमते आता, गोल तेवढी होत नाही.

दिवाळीनंतर एकदा मेथी निवडताना धीर करून लेकीला म्हटलं, यशवंतपूरहून मिरजेच्या गाडीचं तिकीट काढून दे. ती रागावली नाही. पाळणाघरात ठेवून पाहिलं तेव्हा नातू सारखा आजारी पडायचा, म्हणून तो मोठा होईपर्यंत काम सोडते म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की लगेच उठून ह्यांना येते म्हणून फोन केला, माळ्यावरची बॅग काढली.

परत येऊन बसले आणि सहज विचारलं, तुझ्या उंदरांचं मग कोण बघणार? तिने सांगितलं, त्यांना हवासुद्धा गाळून देतात. आत जाणाऱ्याने आंघोळ करून तिथलेच कपडे घालायचे.

"म्हणजे सोवळंच की गं."

ती हसली. "सोवळंच. एखादा उंदीर बाहेर आणला, तर परत आत घेत नाहीत."

"सोवळ्यात परत आंघोळ करून येता येतं."

"इथे नाही येत, आई. त्यांनाही नाही, आम्हालाही नाही."

एवढं बोलून ती मेथी निवडत राहिली. देठं पानांत टाकत होती. मी ती वेचून काढली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर बॅग परत माळ्यावर ठेवली. नातवाला ती घोडा म्हणून हवी होती, तो रडला.

दुपारी ह्यांचा फोन आला, कोणत्या गाडीने येतेस? माझ्या तोंडून कानडीच निघून गेलं, "स्वल्प थांबा."

"म्हणजे?"

"थोडं," मी म्हणाले.

थोडं म्हणजे किती, ते त्यांनी विचारलं नाही.