खिडक्या लावून केलेली प्रार्थना

मित्रांनो, संध्याकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहून राहिलो.

आज आईचा स्मृतिदिन. दरवर्षी या दिवशी आमच्या मोहाडीच्या घरी आम्ही सारे माळ जपत रोझरीची प्रार्थना म्हणतो आणि शेवटी आईचं आवडतं मरियामातेचं गीत मोठ्यानं गातो. मी जुन्या वळणाचा कॅथलिक. गुडघे टेकल्याशिवाय मला प्रार्थना झाल्यासारखी वाटत नाही. मतही आजवर धर्म आणि संस्कार जपू म्हणणाऱ्यांनाच दिलं.

माळ हातात घेतली तशी बायको हळूच म्हणाली, "खिडक्या लावून घ्या जी. कोणी व्हिडिओ काढून धर्मांतर चालू आहे म्हणून टाकला तं?"

मी तिच्यावर चिडणार होतो. पण उठलो आणि स्वतःच खिडक्या लावल्या. मग बंद खोलीत, दबक्या आवाजात, जगातली युद्धं थांबावीत म्हणून प्रार्थना केली. गीत गायलंच नाही.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. मी माळ खिशात टाकली. दार उघडलं तर शेजारच्या सुमनकाकू, आईची मैत्रीण. दरवर्षी त्या आपल्या अंगणात खुर्ची टाकून आमचं गीत ऐकतात.

"काहून रे, यंदा गाणं नाही? मी कवाची बसून आहो."

"घसा बसला, काकू," मी म्हणालो.

त्या घरी गेल्या आणि हळद टाकलेलं गरम दूध घेऊन आल्या. मी ते त्यांच्यासमोर प्यायलो.

खोटं बोललो, हे रविवारी फादरपुढे कन्फेशनमध्ये सांगीन. पण काकूंना काय सांगू?