दादाची पहिली बोट

माझा थोरला भाऊ केरीच्या किनाऱ्यावर वाढला आणि एकोणिसाव्या वर्षी नौदलात गेला. पहिली पाच वर्षं तो एकाच जुन्या युद्धनौकेवर होता. सुट्टीवर आला की तिच्याबद्दलच बोलायचा. तिच्या इंजिनाची धग, झोपायच्या जागेशी त्यानं खिळ्यानं कोरलेलं आईचं नाव. बाबा मासेमारी करायचे. बोटीवर जीव जडतो हे त्यांना सांगावं लागत नसे.

पुढे त्याला नव्या नौकेवर घेतलं, क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या पथकात. ती वस्तू नेमकी करते काय, असं बाबांनी एकदा जेवताना विचारलं. दादा म्हणाला, नळकांड्यातून सुटली की ती खाली उतरते आणि लाटांच्या जेमतेम वरून जाते. समोरची बोट क्षितिजापलीकडे असते, सोडणाऱ्याला डोळ्यांनी दिसतही नाही. शेवटच्या टप्प्यात क्षेपणास्त्र आपल्याच रडारनं तिला शोधतं.

"आनी मधी आमची होडी इली तर?"

दादानं घास परत ताटात ठेवला. "तेका माणूस दिसना नाय, बाबा. आकार दिसता." म्हणूनच सरावाआधी तेवढा समुद्र रिकामा करतात, असं त्यानं घाईनं जोडलं.

दोनेक वर्षांनी तो न कळवता माझ्याकडे डिचोलीला आला. चहा बाजूला सारून बोलला. सेवेतून काढलेल्या काही बोटी सरावाचं लक्ष्य म्हणून खोल समुद्रात ओढून नेतात. या वेळी नेलेली बोट त्याची पहिली बोट होती. त्याला ते त्याच सकाळी कळलं. मला यातून वगळा असं साहेबांना सांगता आलं असतं, पण त्यानं सांगितलं नाही. नेमून दिलेलं काम नीट केलं. बंद खोलीत एक हादरा जाणवला, मग काही मिनिटं नुसती वाट. नंतर सगळ्यांना विमानातून घेतलेलं चित्रण दाखवलं. पाण्याच्या जरा वर मोठं भगदाड पडलं होतं. ती एका अंगावर कलली आणि बराच वेळ बुडत राहिली.

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला. "मीय वाजवलंय, बाय."

नौदलातली मुदत संपवून तो परतला आणि डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवू लागला. बाबांच्या होडीत पुन्हा कधी बसला नाही. बाबांनी मला कारण विचारलं, मी सांगितलं. त्यानंतर त्यांनी त्याला समुद्रावर बोलावलं नाही. तो केरीला आला की फाटलं जाळं त्याच्यापुढे ठेवायचे, आणि दोघं ओसरीवर ते सांधत बसायचे.

बाबा गेल्यावर होडी विकावी लागली. घेणाऱ्यानं ती पाण्यात लोटली तेव्हा घरचं माणूस म्हणून मी एकटीच उभी होते. दादानं त्या दिवशी ट्रकच्या दोन खेपा जास्त मारल्या, असं वहिनीनं मागाहून सांगितलं.