बिनखुणेची नानखटाई

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर गंमत म्हणून. आयुष्य कारखान्यात क्रेनची देखभाल करण्यात गेलं. आवाज आला की बेअरिंग बघायचं, वास आला की वायरिंग... भुताला त्यात जागा कुठली? आजही माझा विश्वास नाही. तरी लिहितोय, कारण ही गोष्ट आमच्या घरात चुकीची सांगितली जाते, आणि ती तशी सांगू देणारा मीच आहे.

आम्ही मूळचे नागपूरचे. नोकरीमुळे भोपाळला बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आलो आणि निवृत्तीनंतर मिसरोदला फ्लॅट घेऊन इथलेच झालो. बरखेड्यात तेव्हा ओव्हन कुणाकडे होता? दिवाळीआधी बायका मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, वेलची घेऊन बाजारातल्या भट्टीवर जायच्या. तिथेच मळायचं, ट्रे भरायचे, आणि भट्टीवाले चाचा ते एकामागून एक आत सरकवायचे. सगळ्यांचे ट्रे सारखेच काळे आणि सगळ्यांची नानखटाई सारखीच गोल. म्हणून जिची तिची खूण. कुणी बदामाचा काप लावी, कुणी काट्याने रेघा ओढी. आमची नलिनी शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान दाबायची. ठिपक्यांचं छोटं वर्तुळ उठायचं, पण एका बाजूला कोरं. ते अंगुस्तान एकदा माझ्याच बुटाखाली येऊन चेपलं होतं.

एक नानखटाई मात्र ती बिनखुणेची ठेवायची, ट्रेच्या कोपऱ्यात.

"ती चाचांची," ती मला म्हणाली होती. "हातात दिली तर नको नको म्हणतात. अशी ठेवली की आपली आपण घेतात."

डबे उचलायला मी बरोबर असायचो, म्हणून मला हे माहीत. चाचा ट्रे बाहेर ओढताना विचारायचे, "भाभी, मेरी वाली कोने में है ना?"

आमची एकुलती एक मुलगी मंजिरी नोकरीसाठी मेक्सिकोत क्वेरेतारोला गेली. तिथून फोनवर आईला सांगायची, "अगं, इथे गावागावात छोट्या जुन्या बेकऱ्या आहेत. एका हातात ट्रे, एका हातात चिमटा घ्यायचा आणि आपलं आपण उचलत फिरायचं. तू ये, आपण गाडी काढू आणि नुसत्या बेकऱ्या करत फिरू."

नलिनीने ते मनावर घेतलं. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला. न्यू मार्केटमधून तिने पांढरे स्पोर्ट्स शूज आणले आणि प्रवासात चावू नयेत म्हणून साडीवर ते घालून घरभर फिरायला लागली.

"पी.टी. टीचर दिसतेस," मी म्हणालो.

"दिसू दे. तुम्ही तिथे चपला फटफटवत मागे राहाल तेव्हा बोलू."

तिकिटं काढायची वेळ आली, आणि मी मंजिरीला फोनवर सांगितलं, "तुझी आई विमानाला घाबरते गं. राहू दे सध्या."

घाबरत होतो मी. क्रेनवर चढताना हाताशी शिडी असते, पायाखाली लोखंड असतं. विमानात काय असतं? पण लोकांना उंचीवर चढवणारा माणूस हे पोटच्या पोरीला कसं सांगणार... नलिनी ओट्याशी कणीक मळत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"माझं नाव सांगितलंत होय," एवढंच म्हणाली. "बरं."

शूज खोक्यात गेले. पुढच्या हिवाळ्यात नलिनी गेली, अचानक, हृदयाच्या झटक्याने. मंजिरी आली, दिवस झाले, आणि परत निघताना बॅग भरता भरता म्हणाली, "आईला माझं घर एकदाही बघावंसं वाटलं नाही ना, बाबा?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी म्हणालो, "घाबरायची गं ती."

काही वर्षांनी मंजिरी स्वतः येऊन मला तिकडे घेऊन गेली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. विमानभर मी खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो. ती हसून म्हणाली, "तुम्हीही आईवरच गेलात की!"

तिथे तिने गाडी काढली. क्वेरेतारोहून पात्झ्क्वारोच्या तळ्याकडे, वाटेत दिसेल त्या बेकरीशी थांबत. शंखासारख्या रेघांचे गोड पाव, साखरेत घोळलेले शिंगाच्या आकाराचे पाव, आणि पोल्व्होरोन, म्हणजे जवळजवळ आपली नानखटाईच. फक्त त्यात डुकराची चरबी घालतात. म्हणून मी दारातूनच विचारायचो, "चरबी?" आणि मंजिरी माझ्यासाठी स्पॅनिशमध्ये तेच विचारायची.

"आणि तुमची शुगर, बाबा?"

"ती भोपाळला राहिली."

तळ्याच्या अलीकडच्या एका गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत, निळ्या दाराची बेकरी होती. आत लाकडावरची घुमटाची भट्टी. मालकीण माझ्याच वयाची, सगळे तिला दोन्या लुपे, म्हणजे लुपेबाई, म्हणत. गावात लग्न होतं, म्हणून सकाळी बायका आपापलं सामान घेऊन आल्या होत्या आणि तिच्या भट्टीत भाजून घेऊन गेल्या होत्या. मंजिरीने हे मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे अगदी बरखेडा!"

तेवढ्यात मला वेलचीचा वास आला. इतक्या बेकऱ्या झाल्या, दालचिनीचा वास सगळीकडे होता. वेलचीचा कुठेच नव्हता.

खिडकीशी एक ट्रे वेगळा ठेवला होता. मंजिरीने चिमट्याने त्यातली एक उचलली आणि तशीच धरून राहिली.

"बाबा... हे बघा."

ठिपक्यांचं वर्तुळ. एका बाजूला कोरं.

मी ट्रेवर वाकलो. सगळ्यांवर तेच. मंजिरीने विचारलं, हा ट्रे कुणाचा? दोन्या लुपे बोलत गेली आणि मंजिरी सांगत गेली. सकाळच्या गर्दीत कुणीतरी आत सरकवला. नंतर प्रत्येकीने आपली खूण ओळखून आपलं नेलं, हा राहिला. सगळ्या जणी म्हणाल्या, आमचा नाही. ज्याला खूण ओळखता येईल, त्याने न्यावा.

"चरबी?" मंजिरीने विचारलं. सवयीनेच असेल, पण चिमट्यातली नानखटाई तिने अजून खाली ठेवली नव्हती.

"नाही. लोणी कढवून घातलंय. आमच्यात असं कुणी करत नाही," दोन्या लुपेचं उत्तर मंजिरीने सांगितलं.

मग दोन्या लुपेने एप्रनला हात पुसले आणि थोडी ओशाळून काहीतरी म्हणाली. मंजिरी रडता रडता हसली.

"बाबा, त्या माफी मागताहेत. यातली एक त्यांनी खाल्ली. कोपऱ्यात होती, तिच्यावर खूण नव्हती. म्हणे, मला वाटलं माझ्यासाठीच ठेवली असेल."

मी तिथल्या पिठाच्या पोत्यावर बसलो. खूण मंजिरीच्या ओळखीची होती, लहानपणापासून ती तीच नानखटाई खात आली होती. पण त्या कोपऱ्यातल्या एकीचं तिला माहीत नव्हतं. नलिनी आता नव्हती, चाचाही केव्हाच गेले होते. माहीत असणारा मी एकटा उरलो होतो.

तळ्याकाठी बसून आम्ही सगळ्या संपवल्या. पुरावा म्हणून एकही ठेवली नाही. पुराव्यासाठी नानखटाई कोण ठेवतं? मंजिरी तोंडातला चुरा पुसत म्हणाली, "विमानाला घाबरत होती, म्हणून अशी आली!"

तेव्हापासून ती सगळ्यांना असंच सांगते. लोक हसतात, डोळे पुसतात. मी शेजारी बसून मान डोलावतो.

मी कारणं शोधली. आसपास कुणी भारतीय कुटुंब? दोन्या लुपे म्हणाली, नाही. अंगुस्तान कुणाकडेही असू शकतं, चेपलेलंही असू शकतं. वेलची विकत मिळते. परत येऊन नलिनीचा शिवणाचा डबा उघडला, तर तिचं अंगुस्तान जिथल्या तिथे होतं. प्रत्येक गोष्टीला काहीतरी उत्तर जुळवता येतं. बिनखुणेच्या त्या एकीशी येऊन मी अडतो.

हे लिहून झाल्यावर पाठवण्याआधी मंजिरीला फोनवर वाचून दाखवलं. शूज खोक्यात गेले तिथपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "थांबा." मी कागद खाली ठेवला.

"मी इतकी वर्षं तिच्यावर रुसले होते, बाबा."

"माहीत आहे."

"माहीत होतं आणि...?"

तिने फोन ठेवला. दोन दिवस आला नाही. मग आला.

"ते शूज आहेत अजून?"

"माळ्यावर आहेत. खोक्यात."

"आमचं माप एकच होतं. येताना घेऊन या." मग म्हणाली, "आणि या वेळी एकट्याने यायचं. मी न्यायला येणार नाही."

त्या गावात जे झालं त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवावं. शूज खाली काढून गॅलरीत उन्हाला ठेवलेत. तिकीट काढलंय.