आत्याने न घेतलेला नमुना

आमची आत्या दुधाच्या प्रयोगशाळेत होती आणि स्वच्छतेच्या बाबतीत भलतीच खाष्ट. कुणाच्या घरी सरबताचा पेला हातात आला, की तिची नजर आधी बर्फावर. तिला पाहुणी म्हणून बोलवायला लोक बिचकायचे.

दुकानांतल्या कच्च्या दुधाचे नमुने ती काचेच्या बशांत लावायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांत रोगाचे जंतू वाढलेत का, ते पाहायची. फक्त माझ्या काकाच्या, म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या दुकानाचा नमुना ती घेत नसे. नात्यातला माल आपण तपासायचा नाही, हा तिचा बाणा. मग तो नमुना दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायला हवा होता, हे तिला सुचलंच नाही. आम्हीही तिच्या सचोटीचे गोडवे गात राहिलो.

पुढे काकाच्या एका गिऱ्हाइकाची मुलगी रक्ताच्या जुलाबांनी इस्पितळात गेली. ती कच्चंच दूध प्यायची. आत्याच्या सहकारी बाईंनी काकाच्या दुकानातून नमुना आणून लावला. बशीत गुलाबी ठिपक्यांच्या गर्दीत काही बिनरंगी ठिपके उगवले. पुढच्या चाचणीत खात्री झाली. लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करणारा जंतू होता तो.

विक्री थांबवायला आत्या स्वतः गेली, मला बरोबर घेऊन. काका ऐकेना. गोठा लख्ख आहे, गाई धडधाकट आहेत, तू घरची असून माझ्या पोटावर पाय देतेस, असं बरंच काही बोलला. तेवढ्यात कडेवर बाळ घेतलेल्या एका बाईने बरणी पुढे केली आणि आत्याकडे पाहून ओळखीचं हसली.

"तुम्हीच ना त्या ताई? तुमच्या भरवशावर तर याला न उकळता पाजते. हे दुकानवाले सगळ्यांना सांगतात, आमच्या ताईच्या तपासणीतलं दूध आहे."

काकाने मान खाली घातली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मी हे दूध कधीच तपासलं नव्हतं," आत्या म्हणाली. "आता तपासलंय. याला पाजू नका."

"सकाळीच पाजलंय," बाई म्हणाली.

बाळाचं अंग गरम आहे का, ते बघायला आत्याने हात पुढे केला. बाईने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.