साडेदहाची खिचडी

नवसाबाईविषयी लिहायचं तर सूर मवाळ ठेवणं मला जमणार नाही. राग येतो. साहेबावर येतो, आदेश काढणाऱ्यांवर येतो आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर येतो.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या दोनखोली शाळेत मी मास्तर होतो. नवसाबाई त्याच पाड्यावरची, ऐन तरुणपणात नवरा गेलेली. नव्वदच्या दशकात थंडी पडली की ती दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला जायची आणि होळीला परत यायची. तेव्हा शाळेतून पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, तोही हजेरी भरली तरच. पुढे शाळेतच खिचडी शिजवून द्यायचं ठरलं आणि पाड्याने चुलीपाशी नवसाबाईला बसवलं. जीभ तिखट. तांदळात किडे निघाले की पोतं ओढत माझ्या टेबलापाशी आणायची आणि म्हणायची, आधी तुम्ही खाऊन दाखवा. थोरल्यांच्या मागे लागून आलेली शेंबडी भावंडं पंगतीत बसली की मी डोळे वटारायचो. ती माझ्यादेखत त्यांनाच आधी वाढायची.

पहिल्या वर्षी एप्रिलअखेर शाळा सुटली आणि चूलही बंद झाली. जूनमध्ये पोरं परत आली तेव्हा तिने एकेकाचा दंड चिमटीत धरून मला दाखवला.

"गुरुजी, साळेला सुट्टी म्हणून पोटाला बी सुट्टी असती का?"

मी म्हटलं, वरून तसा नियम आहे. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

पुढच्या वर्षी, २००४ साली, टंचाईच्या गावांत सुट्टीतही खिचडी द्या असा आदेश आला. वेळ शाळेचीच, सकाळी साडेदहा. ज्याने हे लिहिलं त्याने आमच्याकडचा मे महिना कधी पाहिला नसणार. मे महिन्यात इथली पोरं उजाडायच्या आत डोंगरात जातात, काट्यांत हात घालून करवंदं तोडतात, पानांच्या द्रोणांत भरून नाशिकच्या रस्त्यावर गाड्यांना विकतात आणि ऊन डोक्यावर आलं की घराकडे वळतात. पहिल्या दिवशी साडेदहाला शिजलेली खिचडी तशीच गार झाली. दुसऱ्या दिवसापासून नवसाबाई मला न विचारता बाराला चूल पेटवू लागली. एकच्या सुमारास चिकाने काळी झालेली बोटं घेऊन पन्नास-साठ पोरं यायची आणि पातेलं खरवडून काढायची.

दहाव्या दिवशी बरोबर साडेदहाला तालुक्याच्या साहेबाची जीप आली. चूल थंड, पोर एक नाही. नवसाबाईने सतरंजी अंथरली, पाणी दिलं, एकपर्यंत थांबा आणि आपल्या डोळ्यांनी बघा म्हणून विनवलं. साहेबाला अजून दोन शाळा उरकायच्या होत्या. त्याने लिहिलं, उपस्थिती शून्य, गावात गरज दिसत नाही, सुट्टीतली खिचडी उद्यापासून बंद. कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी सही केली. खरं सांगतो, चूल बंद झाली की मलाही सुट्टीला नाशिकला जाता येणार होतं.

एक वाजता पोरं आली. चौथीतली सरिता फुशारकीने सांगत होती की जीपवाल्या साहेबाने येताना तिच्याकडून दोन द्रोण करवंदं घेतली, गोड आहेत म्हणाला. म्हणजे ज्यांची उपस्थिती शून्य, त्यांच्याच हातची करवंदं खात हा बाबा शाळेत आला होता. माझी कानशिलं तापली. तरीही पोरांचं जेवण झाल्यावर तांदळाच्या खोलीला कुलूप घालून मी किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवंदांना न पाठवता नवसाबाई पोरांना घेऊन पायी पेठला गेली. कचेरीच्या व्हरांड्यात त्यांना पंगतीसारखं बसवलं आणि साहेबाला बाहेर बोलावलं.

"हे तुमचं शून्य. मोजा आता."

साहेबाने मोजलं नाही. अहवाल पुढे गेलाय, म्हणाला, आणि त्यावर तुमच्या गुरुजींचीच सही आहे. फाइलमधली प्रत काढून तिच्यासमोर धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण हजेरीवर रोज पडणारी माझी सही ती ओळखत होती.

ती माझ्या दारात आली तेव्हा मी नाशिकच्या एसटीसाठी पिशवी भरत होतो. वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सायबाला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "तुमाला तर ठावं होतं, गुरुजी."

एवढं बोलून ती निघून गेली. एसटी गेली, मी गेलो नाही. सकाळी किल्ली तिच्या घरी नेऊन दिली. वरून काही आदेश नव्हता. तिने किल्ली घेतली, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि शाळा उघडेपर्यंत रोज एक वाजता पोरांना वाढत राहिली. पुढे सहा वर्षं ती त्या चुलीपाशी होती. माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते बरोबरच होतं.

जूनमध्ये मला नोटीस आली. सुट्टीत विनापरवानगी मुलांना जेवू का घातलं, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करा. त्यांना उपाशी ठेवायच्या कागदावर सह्या का केल्या, हा खुलासा साहेबाकडे कोणी मागितला नाही. माझ्याकडेही नाही.